खोडेसाहेबांनी आवळलेलं चाक

माझ्या नवऱ्याला मी खोडेसाहेब म्हणते. सातपूरच्या ज्या कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं काढली तिथे सगळे त्यांना तसंच म्हणायचे. मीही तेच म्हणते, फक्त सूर वेगळा. कंपनी मोटारींना लागणारे नट-बोल्ट बनवायची आणि तयार माल तपासून पास किंवा नापास करायचं काम यांच्याकडे होतं. आडनाव खोडे आणि पगार खोड काढण्याचा. केसाएवढ्या फरकासाठी त्यांनी अख्खी पेटी परत पाठवल्याची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की त्या पेटीत किती बोल्ट होते तेही मला पाठ आहे.

अशा माणसाचं घर कसं असेल? आमच्या नळांचे वॉशर तीन महिन्यांत जातात, कारण साहेब नळ बंद करतात म्हणजे त्याचा गळा दाबतात. लोणच्याची बरणी त्यांनी बंद केली की उघडायला तेच घरी असावे लागतात. मी मखमलाबादच्या मळ्यातली. लहानपणापासून मेथीच्या, शेपूच्या जुड्या बांधल्या. जुडी किती आवळायची ते हाताला कळतं. जास्त आवळली तर बाजारात पोचेपर्यंत काड्या मोडतात. हे मी त्यांना लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "प्रतिभा, भाजी वेगळी, लोखंड वेगळं."

निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडी घेतली. छोटीशी, पांढरी. दर रविवारी सकाळी गाडी पुसून झाली की ते डिकीतून चाकाचा पाना काढायचे, पान्याच्या दांड्यावर नळाच्या कामातून उरलेला दोन हात लांब लोखंडी पाईप चढवायचे आणि चारही चाकांचे नट एकेक करून आवळायचे. दांडा लांबला की जोर किती पटीने लागतो ते मला त्यांनीच समजावलं होतं. शेवटी नट कर्र असा आवाज करायचा. तो कानावर पडला की मग चहा.

जानेवारीत पुढचे दोन टायर बदलायला झाले. आम्ही त्र्यंबक रोडवरच्या दिनेशशेठच्या दुकानात गेलो. दिनेशशेठ मालक, वय पस्तिशीचं, बोलायला गोड. पण हाताचं काम सगळं काळू बेंडकुळे करायचा. काळू पन्नाशीकडे झुकलेला, मिशा पांढऱ्या होत आलेल्या, गिरणारेकडचा. वीस वर्षं त्या दुकानात. त्याने नवे टायर चढवले, नट आधी हाताने फिरवून बसवले, आणि मग भिंतीवरचा एक लांब पाना काढून प्रत्येक नटाला लावला. प्रत्येक वेळी पाना टक् करायचा आणि काळू हात काढून घ्यायचा.

"हा ठरलेल्या जोराला टक् करतो," तो मला म्हणाला, कारण मी बघत होते. "टक् झालं की सोडायचं."

जुना टायर डिकीत टाकताना त्याला तो पाईप दिसला. त्याने उचलून बघितला. पाईपच्या तोंडाशी पान्याच्या दांड्याने पडलेले ओरखडे होते.

"साहेब, हा कशाला?"

"असतो," खोडेसाहेब म्हणाले.

"घरी ठेवा. अन् आता नटांना हात लावू नका. बरोबर बसलेत."

साहेबांनी मान हलवली. एकतीस वर्षं दुसऱ्यांना 'हात लावू नका' असं सांगणाऱ्या माणसाला हे एका टायरवाल्याने सांगावं! गाडी सातपूरच्या सिग्नलला थांबली तेव्हा ते म्हणाले, "ही माणसं घाईत असतात. दिवसाला पन्नास चाकं. एखादं ढिलं राहायचंच."

पुढच्या रविवारी पाईप निघाला. त्याच्या पुढच्या रविवारीही निघाला. तिसऱ्या रविवारी डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाचा एक नट कर्र न करता मऊपणे आणखी पाव फेरा फिरला.

"बघ," ते विजयी मुद्रेने म्हणाले, "ढिला होता."

*

फेब्रुवारीत माझ्या धाकट्या बहिणीची, मनीषाची, दिंडोरीला वास्तुशांती होती. अकराचा मुहूर्त. आम्ही साडेनऊला निघालो. म्हसरूळ मागे पडलं, द्राक्षांचे क्रेट भरलेले टेम्पो समोरून यायला लागले आणि ढकांब्याच्या अलीकडे गाडीच्या डाव्या अंगाने टकटक ऐकू यायला लागली.

"खडा असेल टायरात," साहेब म्हणाले.

दोन किलोमीटरांनी त्यांच्या हातात स्टिअरिंग थरथरायला लागलं. मग त्यांनी गाडी बाजूला घेतली. उतरून बघतो तर चाकावर चार नटांऐवजी तीनच. चौथ्याच्या जागी नुसतं भोक, आत तुटलेल्या बोल्टाचा चकचकीत ठिपका. खोडेसाहेब वाकून बघत राहिले. नापास माल त्यांनी आयुष्यभर बघितला, पण तो कधी त्यांच्या स्वतःच्या गाडीला लावलेला नव्हता.

समोरच पत्र्याची शेड होती. सोमा गावित नावाच्या माणसाचं गॅरेज. पेठकडचा, चाळिशीचा, अंगाने काटक, बोलताना हात पुसत राहायची सवय. तो आला, चाकाला एक लाथ घातल्यासारखं केलं आणि म्हणाला, "दहाच्या स्पीडनं आत घ्या. त्याच्यापेक्षा जास्त नाय. देवाचं नाव घेतलं तर चालंल."

आत घेतल्यावर त्याने जॅक लावला, खाली लाकडाचा ठोकळा सरकवला आणि नट सोडवायला घेतले. दुसऱ्या नटाला पाना लावून नुसता झटका दिला तर नट बोल्टाच्या तुकड्यासकट त्याच्या हातात आला. तिसरा अर्ध्यात अडकला आणि आटे ओरबाडत निघाला. सोमाने तो तुकडा उजेडात धरला.

"हे बगा. हितं बारीक झालाय, ताणलेल्या रबरागत. नट ढिला राहून नाय तुटला हा. आवळून आवळून तुटलाय. आधी ताणला, मग चालता चालता गेला."

खोडेसाहेबांनी तुकडा हातात घेतला. मला माहीत आहे, त्यांना हे सोमाच्या आधी कळलेलं होतं. त्यांनी तुकडा अंगठ्याने चाचपला, तुटलेलं तोंड डोळ्यांजवळ नेलं आणि तुकडा परत सोमाच्या हातात ठेवला.

"कोन्या येड्यानं पाईप लावून आवळलंय," सोमा म्हणाला. "चाक कुठं खोललं होतं?"

इथे एक क्षण होता. छोटासाच. एक टेम्पो रस्त्यावरून जायला जेवढा वेळ लागतो तेवढा.

"टायर बदलले महिन्याभरापूर्वी," खोडेसाहेब म्हणाले. "त्र्यंबक रोडला."

यात खोटं काही नव्हतं. प्रत्येक शब्द तपासून पास करावा असा होता. पण सोमाला त्यातून जे समजायचं ते समजलं. "दिनेशशेठकडं? मी त्यांच्याकडूनच जुने टायर घेतो!" आणि आम्ही काही म्हणायच्या आत त्याने खिशातून मोबाईल काढून फोन लावला, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"शेठ, तुमच्या मानसानं आज गिऱ्हाईक मारलं असतं. चार बोल्टातले दोन गेले, तिसरा जायच्या बेतात. आवळून ताणलेत. नवरा-बायको दोघं गाडीत."

पलीकडून दिनेशशेठचा आवाज घाबरलेला आला. नंबर विचारला, गाडीचा रंग विचारला. "म्हणजे काळूनेच बसवलेत. साहेब आहेत का तिथे? साहेब, मी माफी मागतो. तुम्ही एक पैसा देऊ नका, सोमाचं मी बघतो. आणि त्या काळूचंही बघतो."

"नाही, तसं काही..." खोडेसाहेब म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांना सापडेना. तोवर फोन बंद झाला होता.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते सोमाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

नवे बोल्ट दिंडोरीहून येणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपच्या ड्रायव्हरकडे मागवले. ते येईपर्यंत सोमाने ब्रेकचा जबडा सोडवून तारेने वर टांगून ठेवला, डिस्कची थाळी काढली आणि आतल्या, चाक ज्यावर बसतं त्या हबमधले चारही जुने बोल्ट हातोडीने मागे ठोकून पाडले. "दोन गेले की चारही बदलायचे," तो म्हणाला. "उरलेल्यांनी त्यांचा भार वाहिलेला असतो. ते थकलेले असतात." नवे आले तेव्हा त्याने एकेक मागच्या बाजूने घातला, बोल्टाच्या मानेवरच्या दातऱ्या भोकाशी जुळवल्या, पुढून चार-पाच वॉशर आणि नट लावून हळूहळू ओढून घेतला, बोल्टाचं डोकं मागे हबला घट्ट टेकेपर्यंत.

खोडेसाहेबांना राहवलं नाही. त्यांनी एक नवा बोल्ट उचलून डोक्यावरचा मजबुतीचा आकडा वाचला. "दहा पॉइंट नऊ. ठीक आहे."

"लाईनीतले दिसता साहेब."

"एकतीस वर्षं. हेच बोल्ट तपासले."

"मग तर तुम्हाला लय राग आला असंल," सोमा म्हणाला. "असलं काम बघून."

"माणसं बेपर्वा असतात," खोडेसाहेब म्हणाले.

मी उठून रस्त्यावर गेले आणि द्राक्षांचे टेम्पो मोजत उभी राहिले.

*

मनीषाकडे आम्ही पोचलो तेव्हा पंगत उठायला आली होती. उशीर का झाला हे सांगणं भागच होतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा साहेब 'बोल्ट तुटला' इतकंच म्हणाले. दुसऱ्यांदा सांगताना टायरवाला आला. मनीषाच्या सासऱ्यांना सांगितलं तेव्हा टायरवाल्याचा माणूस शिकाऊ होता, बोलण्यात उर्मट होता, आणि गाडी ऐंशीच्या वेगात होती. सगळे म्हणाले, बाई बाई, थोडक्यात वाचलात. मी श्रीखंड खात होते. माझ्या नवऱ्याला खोटं बोलायची सवय नाही. त्यामुळे ते फार मन लावून बोलतात.

परत येताना मी विचारलं, "आता त्या काळूचं काय?"

"एवढ्यावरून कोणी काढत नाही."

"तुम्हाला माहीत आहे ना कोणी आवळलं ते?"

त्यांनी पुढचा टेम्पो ओलांडला. मग म्हणाले, "शक्यता अशीही आहे की त्यानेच आधी जास्त आवळलं असेल. मी फक्त तपासत होतो."

"पाईपने?"

त्या रविवारी त्यांनी गाडी पुसली आणि पाना न काढताच वर आले. चहा मात्र घेतला नाही.

चार दिवसांनी दिनेशशेठचा फोन आला. गाडी घेऊन या, चाकांचं अलाइनमेंट फुकट करून देतो, मनावर घेऊ नका. खोडेसाहेब नको म्हणत होते. मी म्हटलं, "मला तसंही सातपूरच्या बाजारात जायचंय. चला." मला बाजारात काही घ्यायचं नव्हतं.

दुकानात शिरताच मला पहिल्यांदा दिसले ते आमचे बोल्ट. सोमाने तुकडे पाठवले असणार. तारेत ओवून भिंतीवर टांगले होते आणि खाली पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'निष्काळजीपणा'. त्याखाली, लांब पान्यासाठी असलेल्या खिळ्यापाशी, बंटी नावाचा एक जाडसा कामगार उभा होता. पाना आता त्याच्याकडे होता. काळू मागे पाण्याच्या टाकीशी, पंक्चरची ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. वीस वर्षांपूर्वी तो या दुकानात लागला तेव्हा त्याला तिथेच बसवलं असणार.

दिनेशशेठने प्लास्टिकची खुर्ची स्वतः पुसून दिली. "साहेब, सोमा सांगत होता, तुम्ही एकतीस वर्षं बोल्ट तपासलेत. माझं नशीब बघा, नेमकं तुमच्याच गाडीला असं व्हावं. आता एक उपकार करा. या लोकांना दोन शब्द सांगा. मी बोललो तर ऐकत नाहीत."

"नको, नको."

"पाचच मिनिटं. ए बंटी, गोरक्ष, इकडे या. काळू, तूही ये. तू तर येच."

तीन माणसं हात पुसत उभी राहिली. खोडेसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला.

आता, हा माणूस बोल्टाबद्दल बोलायला लागला की चांगलं बोलतो, हे मला कबूल केलं पाहिजे. सुरुवातीला अडखळले, मग एकतीस वर्षं तोंडातून यायला लागली. बोल्ट म्हणजे नुसता खिळा नाही, तो स्प्रिंगसारखा असतो, म्हणाले. आवळला की तो थोडा ताणला जातो आणि त्या ताणानेच चाक धरून ठेवतो. पण त्याची एक हद्द असते. हद्दीपर्यंत ताणला तर परत येतो, पलीकडे गेला तर परत येत नाही. बाहेरून काही दिसत नाही, उलट हाताला वाटतं की नट ढिला होता, अजून फिरतोय. आणि माणूस अजून फिरवतो.

इथे त्यांचा आवाज जरा खाली आला. दिनेशशेठ मान डोलावत होता. गोरक्ष नावाचा तरुण कामगार तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"साहेब, एक विचारू?" काळू म्हणाला.

"विचार."

"पान्याला पाईप लावून आवळलं तर काय होतं?"

त्याच्या आवाजात काहीही नव्हतं. राग नाही, टोमणा नाही. मुलगा मास्तरांना विचारतो तसं त्याने विचारलं.

"पाईप लावू नये," खोडेसाहेब म्हणाले.

"पण एखाद्यानं लावलाच तर?"

खोडेसाहेब भिंतीवरच्या तारेतल्या तुकड्यांकडे बघत होते. मला वाटलं, आता कॅलेंडर शोधतील. पण ते खुर्चीतून उठले.

"तर असं होतं," ते तुकड्यांकडे बोट करून म्हणाले. "दिनेशशेठ, ते काळूने नाही आवळले. त्याने बरोबर आवळले होते. मी घरी पाईप लावून तीन रविवार आवळले. मी तोडले."

बाहेर त्र्यंबकची बस हॉर्न वाजवत गेली. दिनेशशेठ साहेबांकडे बघत राहिला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मी चक्रावले. त्याचे डोळे पाणावले होते.

"साहेब," तो म्हणाला, "मला समजलं."

"काय समजलं?"

"गरिबाच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून तुम्ही हे अंगावर घेताय."

"अहो, नाही! मी खरं सांगतोय."

"एकतीस वर्षं ज्यांनी बोल्ट तपासले, आत्ता पाच मिनिटं ज्यांनी आम्हाला इतकं समजावलं, ते पाईप लावतील? मला काय एवढंही कळत नाही?"

खोडेसाहेब तरातरा डिकीशी गेले आणि पाईप घेऊन आले. "हा बघा. हा तो पाईप."

"पाईप काय साहेब, माझ्याही घरी आहे."

शेवटी मी तोंड उघडलं. "भाऊ, ते खरं बोलतायत. मी समोर होते."

दिनेशशेठने मला हात जोडले. "वहिनी, तुम्हीही तशाच. अशी जोडी आजकाल बघायला मिळत नाही." मग तो कामगारांकडे वळला. "बघितलंत? याला मोठं मन म्हणतात. काळू, साहेबांच्या शब्दाखातर तुला परत चाकावर घेतो. पाना दे रे बंटी त्याला. आणि काळू, साहेबांच्या पाया पड."

काळू खरंच वाकला. खोडेसाहेब मागे सरकले ते खुर्चीला अडखळले, खुर्ची टायरांच्या ढिगावर पडली आणि दिनेशशेठ म्हणाला, "किती संकोच!"

अलाइनमेंट झालं. दिनेशशेठ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला तसे खोडेसाहेब पाण्याच्या टाकीपाशी गेले. काळू तिथली ट्यूब पुरी करत होता. मीही मागोमाग गेले, कारण मला ऐकायचं होतं.

"काळू, तुला तरी पटलं ना, मी खरं बोललो?"

"मला पटायचं काय त्यात? मी पाईप बघितला होता."

"मग तू दिनेशशेठला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की पहिल्याच दिवशी. ते म्हणले, मोठ्या साहेबांवर ढकलतो का." काळूने ट्यूब पिळून पाणी झटकलं. "आता तुम्ही परत परत सांगू नका. तुम्ही खरं बोलले म्हणून नाय सुटलो मी. तुम्ही खोटं बोलताय असं शेठला वाटलं म्हणून सुटलो. उद्या त्यांना खरं वाटलं तर पंचाईत."

"पंचाईत कशी?"

"मग ते म्हणतील, गिऱ्हाइकाला पाईप लावू दिलाच कसा."



*

घरी आल्यावर खोडेसाहेबांनी दोन दिवस गाडीच्या किल्लीला हात लावला नाही. शिक्षा झाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, असं माझं मत आहे. नापास माल परत जातो, एवढंच त्यांना ठाऊक. हा माल परत घ्यायलाच कुणी तयार नव्हतं. त्यांनी मनीषाला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, "भाऊजी, जाऊ द्या हो, तुम्ही सगळं स्वतःवर घेता." तिच्या सासऱ्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, आजच्या काळात असा माणूस विरळा.

मार्चमध्ये पुन्हा दिनेशशेठचा फोन. दुकानाला पाडव्याला पंचवीस वर्षं होताहेत, वडिलांनी सुरू केलेलं, तर पूजेला साहेबांच्या हस्ते श्रीफळ वाढवायचं आहे. साहेब आंघोळीला गेले होते. फोन मी घेतला.

"ते येणार नाहीत," मी म्हटलं.

"का वहिनी?"

"त्यांना लाज वाटते."

दिनेशशेठ भारावून म्हणाला, "काय माणूस आहे!"

पाडवा झाला. खोडेसाहेब गेले नाहीत. पण पाडव्यानंतरच्या मंगळवारी सकाळी त्यांनी स्वतःहून गाडीची किल्ली घेतली आणि मला म्हणाले, "येतेस?" दिनेशशेठ मंगळवारी मालाला मुंबईला जातो, हे त्यांनी फोनवर आधी विचारून घेतलं होतं.

दुकानात काळू एकटाच होता. साहेब उतरले, त्याच्यासमोर उभे राहिले आणि बराच वेळ घसा साफ करून म्हणाले, "मला तो पाना वापरायला शिकव."

"तुम्हाला?"

"हो. आम्ही कंपनीत बोल्ट तपासले. गाडीवर कधी बसवले नाहीत."

काळूने त्यांच्याकडे नीट बघितलं. पहिल्यांदाच, असं मला वाटलं. मग त्याने आमच्या गाडीच्या एका चाकाचे नट ढिले केले, पाना भिंतीवरून काढला, पाय फाकवून कसं उभं राहायचं ते दाखवलं, आणि समोरासमोरचे नट आलटूनपालटून कसे घ्यायचे तेही दाखवलं. साहेबांनी पाना नटावर बसवला. दोन्ही हातांनी ओढला. टक् झालं. हात थांबले नाहीत. काळूने त्यांच्या मनगटावर आपली काळी बोटं ठेवली.

"झालं. सोडा."

साहेबांनी सोडलं. दुसऱ्या नटाला पुन्हा तेच झालं, पण या वेळी काळूला फक्त खाकरावं लागलं. तिसऱ्याला त्यांचे खांदे वर गेले आणि आपोआप खाली आले. चौथ्याला टक् होताच त्यांनी पाना इतक्या घाईने सोडला की तो जमिनीवर आदळला.

"पाना टाकायचा नाय," काळू म्हणाला. "माप बिघडतं त्याचं."

खोडेसाहेबांनी पाना उचलला, रुमालाने पुसला आणि दोन्ही हातांनी त्याला परत दिला. काळूने तो कानाजवळ नेऊन एकदा हलवून बघितला. मग खाली बसून त्याने चारही नट पुन्हा एकेक करून तपासले. खोडेसाहेब त्याच्यामागे उभे राहून बघत होते. शेवटचा टक् ऐकू आला तेव्हा त्यांनी मला विचारलं, चहा घेऊ या का समोर, आणि काळूलाही हाक मारली.